तक्रार आली की बैठक बोलावू नका, पोलिसांना कळवा

प्रति,
निवासी वारकरी शिक्षण संस्थांचे चालक व विश्वस्त,
फडकरी आणि दिंडीप्रमुख महाराज मंडळी

सप्रेम रामकृष्ण हरी.

आपल्यातल्या एका संस्थेने एका लहान मुलाची लैंगिक अत्याचाराची तक्रार पोलिसांपर्यंत जाऊ नये म्हणून बैठक घेतली. ती बैठक मला मान्य नाही, तिथे झालेला निर्णय मान्य नाही, आणि असा निर्णय घ्यायचा अधिकार आपल्याला आहे ही समजूत तर मुळीच मान्य नाही. हे आपल्याला भेटून, हात जोडून सांगून झालं आहे. आता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आपली मुलं पेटी-वळकटी देऊन तुमच्या दारात सोडणाऱ्या हजारो आईबापांनीही हे वाचलं पाहिजे.

मी माळकरी घरातली. आजोबांची आषाढी कधी चुकली नाही. वडील गावच्या सप्ताहात विणेकरी म्हणून उभे राहायचे. भाऊ कोरडवाहू शेती करतो. त्याच्या मुलाचा हात लहानपणापासून पखवाजावर चांगला, म्हणून त्याला एका तीर्थक्षेत्री खासगी संस्थेत ठेवलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. संप्रदायाबाहेरून येऊन बोट दाखवणारी कोणी बाई हे लिहीत नाही, एवढं ध्यानात घ्यावं.

तक्रार माझ्या भाच्याची नव्हती. त्याच्या शेजारी ज्याची सतरंजी असायची त्या मुलाची होती. प्रकरण आता न्यायालयात आहे. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापायला पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३ने मनाई आहे. म्हणून संस्थेचं नाव, गाव, साल काही लिहीत नाही. पण त्या संस्थेतलं राहणं कसं होतं ते लिहिते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते ओळखीचं वाटेल.

पत्र्याची लांब खोली. भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीपुढे एक सतरंजी. पहाटे काकडा, मग पाठांतर, मग शाळा, संध्याकाळी हरिपाठ. काही मुलं माधुकरी मागून आणायची. खोलीच्या टोकाला महाराजांची खोली, आतून कडी असलेली. रात्री जेवणं झाली की एकेका मुलाला पाय चेपायला तिथे बोलावणं यायचं. त्याला ‘सेवा’ म्हणत. कोणाला बोलवायचं ते महाराज ठरवायचे, आणि ज्याला बोलावणं येई त्याचा बाकीच्या मुलांना हेवा वाटायचा, कारण महाराजांचा लाडका म्हणून त्याला सकाळी दुधाचा पेला जास्त मिळायचा. घरी फोन रविवारी, तोही महाराजांच्याच मोबाइलवरून, स्पीकर लावून, महाराज समोर बसलेले असताना.

आता सांगा, त्या मुलाने कोणाला सांगायचं होतं?

त्याने शेवटी सांगितलं ते गावी गेल्यावर, आईला. आई संस्थेत आली. आपल्या मंडळींनी सभामंडपात बैठक घेतली. मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि ज्याच्याबद्दल तो बोलत होता त्या माणसाला त्याच्या समोर बसवून विचारलं, “खरं काय ते बोल.” मूल गप्प झालं. ते गप्प होणं म्हणजे आरोप खोटा असल्याचा पुरावा धरला गेला. पाचशे रुपयांच्या बाँड पेपरवर आईकडून लिहून घेतलं की गैरसमज झाला होता, आमची काही तक्रार नाही. आणि त्या माणसाला तिसऱ्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत पाठवून दिलं. तिथेही मुलंच होती. पोलिसांत तक्रार झाली ती पुढे, आईने धीर केला आणि आम्ही दोन-तीन बायका तिच्यासोबत उभ्या राहिलो तेव्हा.

त्या बैठकीतली एकेक गोष्ट मला आपल्यासमोर मांडायची आहे.

बैठक मुळात झालीच का? पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला. त्याचं कलम १९ सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. ‘चौकशी करून खात्री पटली तर’ असं त्यात कुठेही नाही. खरं-खोटं ठरवण्याचं काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. कलम २१ पुढे सांगतं की न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे सभामंडपात जे बसले होते ते न्यायनिवाडा करत नव्हते. त्यांच्या हातून त्या घटकेला दुसरा गुन्हा घडत होता.

कोणी म्हणेल, हा कायदा फक्त कागदावर आहे. तसं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळूनही त्याने कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूर पेटलं, रेल्वे अडली, ते सगळ्यांनी पाहिलं. तिथे शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला तो वेळेत कळवलं नाही म्हणूनच. आपण स्वतःला शाळेपेक्षा वेगळे समजत असाल, तर कलम ५ वाचा. शैक्षणिक संस्थेच्या जोडीने ‘धार्मिक संस्था’ हे शब्द त्यात आहेत. अशा संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने तिथल्या मुलावर अत्याचार केला तर कायदा त्याला अधिक गंभीर गुन्हा मानतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बलात्कारासारख्या अत्याचाराला किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. ज्याच्या पायावर मूल डोकं ठेवतं त्याची जबाबदारी जास्त, हे कायद्याला कळलं आहे.

बाँड पेपरबद्दल. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात पालकांशी झालेल्या तडजोडीवरून उच्च न्यायालयाने रद्द केलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. आईचा अंगठा घेतला म्हणजे मुलाचा हक्क संपला असं होत नाही. शिवाय तो अंगठा कसा घेतला गेला हे मी पाहिलं आहे. “मुलाचं पुढे लग्न व्हायचंय, गावात तोंड कसं दाखवशील?” हे वाक्य तिथे एका ज्येष्ठ कीर्तनकाराने उच्चारलं. त्या माणसाच्या कीर्तनाला मी लहानपणापासून बसत आले होते.

आणि “मुलगाच आहे, त्याला काय होतंय” हेही तिथेच बोललं गेलं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७चा अभ्यास आहे. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्या सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. आपल्या बहुतेक संस्था मुलग्यांच्याच आहेत. त्यांना काय होतं ते मी सांगते. तो मुलगा पखवाजाचा आवाज आला की उठून बाहेर जातो. ज्या अभंगांचं त्याचं पाठांतर सगळ्यांत पुढे होतं, ते आता त्याच्या तोंडून ऐकू येत नाहीत. रात्री कोणी पायाला हात लावला तर दचकून उठतो.

त्या माणसाला दुसरीकडे पाठवलं, याचा मला सगळ्यांत जास्त संताप आहे. आपल्याला त्याच्यापासून धोका वाटला म्हणूनच त्याला हलवलंत ना? मग जिथे पाठवलंत तिथल्या मुलांचा विचार कोणी केला? तिथल्या चालकांना कारण सांगितलं का? नाही सांगितलं. मी स्वतः विचारलं. ‘इकडे विद्यार्थी कमी झाले म्हणून’ असं त्यांना कळवलं होतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं मी म्हणत नाही. धर्माच्या नावाने चाललेल्या संस्था, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत, अशा वेळी जवळजवळ सारख्याच वागल्या आहेत. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये २०१५ साली एका चर्चमधल्या पाद्रीने तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. घरच्यांनी आधी चर्चमधल्या वरिष्ठांकडे धाव घेतली, पण पोलिसांकडे शेवटी त्यांनाच जावं लागलं. डिसेंबर २०२१मध्ये त्या पाद्रीला जन्मठेप झाली. आसारामचं प्रकरण तर घरोघरी माहीत आहे. मुलगी छिंदवाड्याच्या त्याच्या गुरुकुलात शिकत होती. तिला बाधा झाली आहे, बापूंकडे न्या, असं घरच्यांना सांगून तिला जोधपूरजवळच्या आश्रमात पाठवलं गेलं. एप्रिल २०१८मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली, तेव्हा गुरुकुलाचा संचालक आणि वसतिगृहाची वॉर्डन यांनाही दोषी ठरवून प्रत्येकी वीस वर्षांची शिक्षा सुनावली. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. गुरूला सांभाळण्यासाठी भक्त कुठवर जातात, हे त्यात दिसलं.

संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या राजआयोगासमोर ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं दप्तर उघडलं गेलं. १९५०पासून १,००६ जणांवरच्या आरोपांच्या नोंदी त्यात होत्या. वडीलधाऱ्यांच्या समित्या बसत, चौकश्या होत, कागद व्यवस्थित लावले जात. पोलिसांना मात्र पंथाने एकाही प्रकरणात कळवलेलं नव्हतं. गुन्हा मानायला दोन साक्षीदार लागतात असा त्यांचा धर्मनियम. बंद खोलीत मुलाबरोबर दुसरा साक्षीदार कुठून येणार? आपल्या बैठकीतही हेच विचारलं गेलं होतं: “कोणी पाहिलंय का?” आणि इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२४मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपना, म्हणजे तिथल्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंना, पद सोडावं लागलं. त्यांनी स्वतः कोणावर अत्याचार केला नव्हता. ख्रिस्ती शिबिरांत मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका वकिलाची माहिती २०१३मध्ये त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ती पोलिसांकडे नीट गेली की नाही याचा पाठपुरावा त्यांनी केला नाही, असं चौकशीत निघालं. तो वकील २०१८मध्ये खटला न चालताच मेला.

जगातल्या एवढ्या मोठ्या गादीवरचा माणूस त्यासाठी जबाबदार धरला जातो. आपल्याकडे मात्र बैठकीला बसलेले सगळे जण आजही सप्ताहाच्या पत्रिकेवर मानाने झळकत आहेत.

“संप्रदायाची बदनामी होईल” हे उत्तर मला माहीत आहे. आळंदीकडे पाहा. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, त्या परंपरेच्या पुण्याईवर आज गल्लोगल्ली खासगी संस्था उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या काही ठिकाणचे मुलांवरच्या अत्याचाराचे गुन्हे गेल्या काही वर्षांत पोलिसांत नोंदले गेले. तेव्हा अशा संस्थांना आवर घाला म्हणून रस्त्यावर आले ते आळंदीचे गावकरीच. माउलींच्या गावचे लोक. त्यांना संप्रदायाची काळजी आपल्यापेक्षा कमी आहे का? नाव गेलं ते तक्रारीमुळे गेलं नाही. अत्याचार करणाऱ्यामुळे गेलं, आणि त्याला पाठीशी घालणाऱ्यांमुळे गेलं.

खोट्या तक्रारीची भीतीही काही जण बोलून दाखवतात. कोणी मुद्दाम, त्रास द्यायला खोटी तक्रार केली तर त्याला कलम २२खाली शिक्षा आहे. मूल त्यातून वगळलं आहे. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर, पुढे काही निघालं नाही तरी, कुठलीही कारवाई होत नाही. म्हणजे कळवल्याने आपलं काहीच बिघडत नाही.

आता मागण्या.

मुलाने, पालकाने, स्वयंपाकिणीने, कोणीही असं काही सांगितलं तर त्याच दिवशी पोलिसांना कळवा. काय करावं समजत नसेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. बैठक नको, मुलाला आरोपीसमोर उभं करणं नको, पुन्हा पुन्हा तेच वदवून घेणं नको. कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, पोलीस गणवेशात नसावेत असंही त्यात आहे. पोलिसांनी सुद्धा जे करायचं नाही असं कायदा सांगतो, ते आपल्या सभामंडपात होता कामा नये.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच घटकेला मुलांपासून दूर करा. पण दुसऱ्या संस्थेत पाठवू नका. कुठल्या संस्थेने त्याच्याबद्दल विचारलं तर खरं कारण लेखी द्या.

पाय चेपण्याची ‘सेवा’ बंद करा. आजपासून. मोठ्या माणसाच्या बंद खोलीत एकटं मूल जाणार नाही, दिवसा नाही आणि रात्री तर नाहीच. गुरूची सेवा म्हणजे पाठांतर चोख करणं, मृदंग स्वच्छ वाजवणं, एवढं पुष्कळ आहे.

मुलांना आईबापांशी एकट्याने बोलता येईल असा एक फोन ठेवा आणि तो महाराजांच्या हातात नसावा. १०९८ हा आकडा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीवर रंगवा. मुलं जिथे झोपतात तिथे, कार्यालयात नाही.

शिकवणाऱ्यांची, स्वयंपाकी आणि शिपायांची, मोठ्या विद्यार्थ्यांपैकी जे लहानांना सांभाळतात त्यांचीही पोलीस पडताळणी करून घ्या. मुलं राहतात अशा संस्थांनी हे ठरावीक काळाने करत राहावं, असं पोक्सोच्या २०२०च्या नियमांतच आहे.

कीर्तनकार मंडळींना वेगळी विनंती. सप्ताहात गावच्या गाव आपल्यासमोर बसलेलं असतं. व्यसनमुक्तीवर आपण बोलता, हुंड्यावर बोलता. यावरही बोला. “मूल सांगतंय तर आधी ऐका” हे आपल्या तोंडून गेलं तर जितकं पोचेल तितकं कुठल्याही सरकारी जाहिरातीने पोचणार नाही.

सरकारला आणि धर्मादाय आयुक्तांनाही दोन शब्द. २०१२च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवल्या गेल्या. त्यामुळे तो कायदा दाखवून शिक्षण खातं तिथे तपासणीला जात नाही. धर्मादाय कार्यालय हिशेब आणि विश्वस्तांचे फेरफार पाहतं, मुलं पाहत नाही. बालगृह म्हणून नोंद नसेल तर बालविकास खात्याचा अधिकारीही तिथे फिरकत नाही. एवढी मुलं घरापासून दूर झोपतात आणि त्यांची यादी कोणाकडेही नाही. जिथे मुलं राहतात अशा प्रत्येक धार्मिक शिक्षण संस्थेची, कुठल्याही धर्माची असो, जिल्हानिहाय नोंद करा. वर्षातून निदान दोनदा न सांगता तपासणी करा, आणि तपासणीला आलेल्या माणसाने चालकांना बाहेर बसवून मुलांशी बोलावं. आळंदीत ओरड झाल्यावर राज्य महिला आयोगाने लक्ष घातलं, तपासण्या सुरू झाल्या. त्या आळंदीपुरत्या आणि ओरडीपुरत्या राहू नयेत.

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत महाराष्ट्रभरातल्या दिंड्या जमतील. त्याआधी प्रत्येक संस्थेने यांतलं काय केलं ते आपल्या दारावर लेखी लावावं. पालकांनीही मूल ठेवण्याआधी ते वाचायला मागावं. आणि ज्या संस्थांच्या कपाटात आईबापांकडून लिहून घेतलेले असे बाँड पेपर आजही आहेत, त्यांनी ते फाडू नयेत, जाळू नयेत. त्यांतल्या प्रत्येकामागे एक मूल आहे, आणि कळवण्याची आपली जबाबदारी अजून संपलेली नाही. ते कागद घेऊन आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जावं.

आपली,
एका माळकरी घरातली लेक